लाकडी जमीन तासणारे तिघे : कायबॉतचं १८७५ सालचं चित्र

आडवाटेचा (धागाकर्ता)

दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकार म्हटलं की मोनेची कमळं, देगाच्या नर्तकी आणि रेन्वारची नाचगाणी डोळ्यांसमोर येतात. त्याच कंपूतल्या गुस्ताव्ह कायबॉतनं १८७५ साली तीन मजूर रंगवले. कमरेपासून वर उघडे, गुडघ्यांवर बसलेले, पॅरिसमधल्या एका श्रीमंत घराची लाकडी जमीन तासणारे. चित्र चांगलं मोठं आहे, १०२ बाय जवळजवळ १४७ सेंटिमीटर, आणि पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. जालावर शोधून दुसऱ्या टॅबमध्ये उघडा आणि मग पुढे वाचा, नाहीतर खालचं सगळं हवेत जाईल.

उघडलंत? आता खिडकी बघा. ती मागच्या भिंतीत आहे, म्हणजे उजेड कामगारांच्या पाठीमागून येतोय. त्यांच्या पाठी, खांदे, दंड यांच्या कडा उजळल्यात आणि चेहरे सावलीत गेलेत. हाच उजेड जमिनीवर पडतो तेव्हा जिथे जुनं पॉलिश शिल्लक आहे तिथे चकाकतो आणि जिथे तासून झालंय तिथे मुरतो. खिडकीबाहेर सज्जाचा नक्षीदार लोखंडी कठडा, भिंतीला पांढऱ्या तावदानी फळ्या आणि त्यावर सोनेरी रेघा. उजवीकडे वाइनची बाटली आणि पेला. मधला आणि उजवा माणूस एकमेकांकडे मान वळवून काहीतरी बोलताहेत. डावा मागे आहे, त्याचा हात पुढे लांबलाय. जमिनीवर लाकडाच्या वेटोळ्या पसरल्यात.

१८७५ च्या सलॉननं हे चित्र नाकारलं. सलॉन म्हणजे सरकारी आशीर्वादाचं वार्षिक प्रदर्शन. तिथे लागलात तर चित्रकार, नाहीतर कोणी नाही. कष्टकरी माणूस तोवर चित्रांत आलाच नव्हता असं नाही. कूर्बेचे दगडफोडे १८४९ चे, मिलेच्या सरवा वेचणाऱ्या बाया १८५७ च्या. पण ते खेड्यातले, उघड्यावरचे. शहरातला मजुरीवरचा कारागीर, तोही कोणाच्या तरी दिवाणखान्यात घाम गाळताना, इतक्या मोठ्या आकारात, हे परीक्षकांच्या पचनी पडलं नाही. कायबॉत दुखावला आणि मोने-देगा मंडळींकडे गेला. एप्रिल १८७६ मध्ये त्यांच्या दुसऱ्या प्रदर्शनात, द्युरां-र्‍युएल या चित्रविक्रेत्याच्या दालनात, हे चित्र लागलं.

तिथेही टीका झालीच. एमिल झोलाला ते काचेसारखं स्वच्छ, अचूकपणापायी बूर्झ्वा झालेलं आणि म्हणून कलेच्या विरोधात जाणारं वाटलं. गंमत बघा, त्याच एप्रिलमध्ये पॅरिसच्या एका धोबिणीवरची झोलाची कादंबरी वर्तमानपत्रातून क्रमशः सुरू झाली होती. कष्टकऱ्यांची बाजू घेणारा लेखक आणि कष्टकऱ्यांचं चित्र, आणि दोघांचं जमलं नाही!

माझं म्हणणं एवढंच की हे चित्र कोणाची बाजू घेत नाही. ते काम बघतं. कणव नाही, गौरवही नाही. काम कुठवर आलंय आणि ते कसं चाललंय हे मात्र इतक्या बारकाईनं आहे की जमिनीवरच्या पट्ट्यांवरून सांगता यावं. तुम्हाला काय दिसतं?

शेवंती

वाखुसा (वाचनखूण साठवली). चित्र माहीत होतं, पण नजर कायम पाठींवरच जायची. जमीन आज पहिल्यांदा नीट बघितली.

ती जमीन आपल्या अंगावर घसरत येते असं कोणाला वाटलं का? चित्रकार उभा आहे आणि खाली बघतोय, म्हणून क्षितिज पार वर गेलंय. फळ्यांच्या रेघा थेट आपल्या पायापाशी येतात.

खडूस

चित्रकार उभा आहे, मजूर गुडघ्यावर. इथेच विषय संपतो, शेवंतीताई.

कायबॉत कोण होता ते धागाकर्त्यांनी सोयीस्करपणे गाळलंय. बापाचा कापडाचा धंदा, सैन्याला चादरी-ब्लँकेटं पुरवून गडगंज झालेलं घर. पोरगा वकिली शिकला, मग हौस म्हणून चित्रकला. आयुष्यात चित्र विकायची वेळ आली नाही. घरी मजूर आले, बसला काढत. त्याला 'काम बघणं' म्हणायचं असेल तर मुकादमही दिवसभर तेच करतो.

आडवाटेचा

गाळलं नव्हतं, प्रतिसादांसाठी ठेवलं होतं :)

खडूसराव, माहिती बरोबर आहे. वडील डिसेंबर १८७४ मध्ये गेले, म्हणजे चित्राच्या थोडंच आधी. घर मिरोमेनिल रस्त्यावरचं, आणि ही खोली म्हणजे तिथला त्याचाच स्टुडिओ असावा असं मानतात. तेव्हा या तिघांची मजुरी बहुधा त्याच्याच घरातून गेली. पण 'बसला काढत' हे पटत नाही. त्यानं एकेका माणसाची, हातांची वेगवेगळी रेखाटनं केली, त्यांवर चौकटी आखल्या आणि चौकट-चौकट करून ती कॅनव्हासवर मोठी केली. हे चित्रकार लेआँ बॉन्नाकडे शिकलेलं, एकोल दे बोझार या पॅरिसच्या सरकारी कलाशाळेच्या शिस्तीतलं काम. दोघं बोलताना सहज टिपल्यासारखे वाटतात ना, ते 'सहज' मांडून बसवलेलं आहे.

सुतारपक्षी

एरवी इथे फक्त वाचतो. आज लिहिणं भाग आहे, कारण विषय घरचा. आजोबांपासून सुतारकी, मी स्वतः फर्निचरचं काम बघतो.

धागाकर्ते पट्ट्यांवरून सांगता येईल म्हणालेत, तर सांगतो. फिका पट्टा म्हणजे तासलेलं लाकूड, काळपट चकाकणारा म्हणजे जुनं पॉलिश. आता कोणताही शहाणा सुतार जमीन अशी एक आड एक पट्ट्यांत का तासेल? एका कोपऱ्यातून सुरुवात करून सरळ पुढे का नाही जाणार? जुन्या लाकडी जमिनीत फळ्या ओल खातात. ओल खाल्ली की फळी कडांना वर येते आणि मधे खोलगट होते. आधी तो वर आलेला भाग रंध्यानं उतरवायचा. तो उतरला की उरलेलं मधलं पोलादी पात्यानं खरवडून सगळं एका पातळीत आणायचं. म्हणजे दोन फेऱ्या असतात आणि चित्रातली जमीन मला पहिल्या फेरीनंतरची वाटते. काम अर्ध्यावर आहे हे त्या पट्ट्या सांगतात. हे बसून बघितल्याशिवाय काढता येत नाही. नुसता उघड्या पाठी काढणारा चित्रकार जमीन एकरंगी सोडून देता.

दुसरं, वेटोळ्या. पात्याची धार गेली की भुसा पडतो, नुसती भुकटी. अशी सलग गोल वेटोळी निघते तेव्हा पातं ताजं पाजळलेलं असतं. या कामात दर थोड्या वेळानं थांबून धार काढावीच लागते. निम्मं कौशल्य तासण्यात, निम्मं धार काढण्यात. आणि लाकडाच्या रेषेच्या उलट गेलात की ढलपी उपटून येते, मग तो खड्डा बुजवायला अख्खी फळी उतरवावी लागते.

तिसरं, हात. बघा किती लांब गेलेत. नवशिका मनगटानं जोर लावतो आणि तासाभरात बसतो. हे लोक कमरेतून वजन टाकतात, हात फक्त दिशा देतात. मधल्या माणसाचे खांदे बघा, वर चढलेले नाहीत.

मुकादमाला यातलं काही दिसत नाही, खडूसराव. त्याला दिसतं ते 'अजून किती बाकी आहे'.

पारावरचा

_/\_ सुतारपक्षी. धागा वसूल. असेच लिहीत जा.

शेवंती

हातांवरून आठवलं. १८७६ मध्ये लुई एनॉ नावाच्या समीक्षकाची तक्रारच ही होती की या तासणाऱ्यांचे दंड फार बारीक आणि छात्या अरुंद आहेत. उघडं अंग काढायचं तर सुंदर काढा, नाहीतर काढूच नका, असा त्याचा सूर. म्हणजे त्याला ग्रीक पुतळे हवे होते, हातात रंधा दिलेले.

सुतारपक्षी

रंधा मारणारा माणूस पहिलवान कधीच नसतो हो ताई. काटक असतो. पोट सुटलेला सुतार दिसला तर समजायचं की आता तो माणसं लावून कामं घेतो. (स्वानुभव.)

खडूस

बरं, पट्ट्यांचं मान्य. सुतारपक्षींनी बाजी मारली. पण मूळ मुद्दा तसाच आहे. या तिघांचे चेहरे नीट दिसत नाहीत, नावं कोणालाच माहीत नाहीत. कायबॉतच्या भावाची, मित्रांची चित्रं आहेत, तिथे कोण कोण ते ठाऊक आहे. कामगार मात्र तिघेही एकाच साच्यातले.

आणि शीर्षकात नसलं तरी धाग्यात 'दृक्प्रत्ययवादी' म्हटलंय त्यावरही आक्षेप. सुटे फटकारे कुठे आहेत? हे तर गुळगुळीत, शाळेत शिकवतात तसं काम आहे. चौकटी आखून मोठं केलेलं चित्र दृक्प्रत्ययवादी कसं?

आडवाटेचा

दुसऱ्या आक्षेपाबद्दल आधी. सुटे फटकारे हीच अट धरली तर देगालाही बाहेर काढावं लागेल. तोही घरात बसून, रेखाटनं करून काम करायचा आणि उघड्यावर चित्र काढणाऱ्यांची टर उडवायचा. ही मंडळी एकत्र आली ती सलॉनच्या बाहेर स्वतःचं प्रदर्शन भरवायला आणि आजचं शहर, आजची माणसं रंगवायला. १८७४ ते १८८६ अशी आठ प्रदर्शनं झाली, त्यातल्या पाचांत कायबॉत होता. १८७७ च्या तिसऱ्याची बरीचशी उठाठेव आणि खर्च त्यानंच केला. आणि तंत्रच बघायचं तर जमिनीवरचा तो निळसर उजेड बघा. लाकूड तपकिरी म्हणून त्यानं तपकिरी रंगवलेलं नाही; आकाशाचा थंड रंग पॉलिशवर पडलाय तो तसाच ठेवलाय. हे बॉन्नाच्या स्टुडिओत शिकवत नव्हते.

चेहऱ्यांचं तुमचं खरं आहे. तिघे जवळजवळ सारखे दिसतात, एकच माणूस तीनदा बसवलाय की काय अशी शंका येण्याइतके. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि असायला हवं असंही वाटत नाही.

दुपारचा_चहा

१८७६ च्या प्रदर्शनाला आल्बेर वोल्फ नावाच्या पत्रकारानं 'पाच-सहा वेडे, त्यात एक बाई' असं म्हटलं होतं ना? ती बाई म्हणजे चित्रकार बेर्त मोरिसो. आज त्या वेड्यांची चित्रं बघायला रांगा लागतात.

नाना_नाशिककर

थोडं अवांतर, पण काळ जुळतो म्हणून लिहितो.

हा धागा वाचताना जे. जे. स्कूलचे जॉन लॉकवुड किपलिंग आठवले. रुडयार्डचे वडील. १८६५ ला मुंबईत आले, जे. जे. त शिल्पकाम शिकवायचे. १८७० च्या सुमारास सरकारनं त्यांना उत्तर हिंदुस्थानात पाठवून तिथल्या कारागिरांची चित्रं काढून घेतली. लाकडावर कोरीवकाम करणारे, विणकर वगैरे. त्यातली बरीच आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १८७५ मध्ये, म्हणजे कायबॉतनं हे चित्र काढलं त्याच वर्षी, किपलिंग मुंबई सोडून लाहोरच्या मेयो स्कूल या कलाशाळेत गेले.

त्या रेखाटनांतही माणसं जमिनीवर बसलेली, हत्यारं भोवती मांडलेली, हातांकडे बारीक लक्ष. पण ती नोंद होती, साहेबाच्या फायलीसाठी. अमुक जिल्ह्यात अमुक कारागीर अमुक हत्यार वापरतो. कायबॉतला कोणी काढायला सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतंच, वर नाकारलं. खडूसरावांना मालकाची नजर शोधायचीच असेल तर किपलिंगच्या कागदांत जास्त सापडेल. तरीही मला ती रेखाटनं फार आवडतात, हेही सांगून टाकतो.

शेवंती

नाना, हे नवीनच कळलं. किपलिंग म्हणजे मला फक्त जे. जे. च्या आवारातला बंगला आणि क्रॉफर्ड मार्केटवरचं कोरीवकाम एवढेच माहीत होते. वेगळा धागा काढाच.

पारावरचा

आमच्या सोसायटीत मागे मोझॅकच्या फरश्यांना पॉलिश केलं तेव्हाचं आठवतंय. मशीन फिरवणारे दोघं आणि कोपरे हातानं घासणारा एक. तो कोपरेवालाच खरा कारागीर होता. ठेकेदारानं मात्र पैसे चौरस फुटावर लावले, कोपऱ्यांचे वेगळे नाहीत. आमच्यापैकी एकालाही त्यांचा फोटोसुद्धा काढावासा वाटला नाही, चित्र तर राहू दे.

खडूस

+१. यावर मात्र काही बोलण्यासारखं नाही.

दुपारचा_चहा

कष्टकऱ्यांचं चित्र काढणारा त्या कंपूत हा एकटा नव्हता. मोनेचं 'कोळसा उतरवणारे' सुद्धा १८७५ च्या आसपासचंच आणि तेही ओर्सेतच आहे. सेन नदीवर होड्या लागल्यात, फळ्यांवरून माणसं टोपल्या घेऊन चढताहेत-उतरताहेत, वर पूल. मोनेनं असा विषय पुन्हा फारसा घेतला नाही. पण तिथे माणसं म्हणजे काळ्या आकृत्या, एका तालात लावलेल्या. देगाच्या इस्त्रीवाल्या बाया वेगळ्या. एक जीव ओतून इस्त्री दाबतेय, दुसरी बाटली धरून तोंडभर जांभई देतेय. एदुआर मानेनं (मोने नव्हे) १८७८ मध्ये पॅरिसच्या मोनिए रस्त्यावर फरसबंदी करणारे काढले. ते गोड आहे, पण सगळं चकचकीत उन्हात विरघळून गेलंय. कोण काय करतंय ते कळत नाही.

या सगळ्यांत 'हे काम मला जमेल का?' असा विचार मनात येतो तो फक्त कायबॉतच्या चित्रापुढे. (नाही जमणार.)

आडवाटेचा

चहा, अगदी! मला जे लांबण लावून म्हणायचं होतं ते तुम्ही एका ओळीत म्हटलंत.

देगाच्या बाटलीवरून आठवलं. कायबॉतच्या चित्रातल्या बाटलीवरून पुष्कळ लिहिलं गेलंय: कामगारांचं व्यसन दाखवलंय का वगैरे. मला तसं वाटत नाही. पेला एक आहे, माणसं तीन, आणि तिघांचंही त्याकडे लक्ष नाही. गुडघ्यावर बसून काम करणाऱ्याला घसा ओला करायला काहीतरी लागतंच.

सुतारपक्षी

आमच्याकडे तिथे चहाचा थर्मास असतो, आणि तोही मालकीणबाई देतात तेव्हा. बाटली काम करणाऱ्यापासून लांब, भिंतीकडे ठेवलीय हेही बघा. हत्याराच्या फटक्यात येणार नाही अशी. रोजच्या सवयीचा माणूस अशीच ठेवतो.

कॅनव्हासवेडी

उशिरा आले, पण एक भर घालते. या विषयावर त्याचं दुसरंही चित्र आहे, १८७६ चं, आकारानं लहान. त्यात दोघंच आहेत. ते खासगी संग्रहात असल्यामुळे फारसं बघायला मिळत नाही. १८७६ च्या प्रदर्शनात दोन्ही लागली होती. पुढच्या वर्षी त्यानं रस्त्यावर शिडी लावून दुकानाची पाटी रंगवणारे रंगारी काढले. त्यात एक जण नुसता मागे उभा राहून काम न्याहाळतोय. रंगकाम चालू असताना एकानं असं उभं राहायचंच असतं, हे घराला रंग दिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मग मात्र तो नौका, बागा, नदी यांत रमला. कामगार पुन्हा फारसे आले नाहीत.

आणि मोठ्या चित्राची पुढची गोष्ट. कायबॉत १८९४ मध्ये अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. मृत्युपत्र त्यानं अठ्ठाविसाव्या वर्षीच करून ठेवलं होतं, धाकटा भाऊ रने अचानक गेल्यावर. मित्रांची विकत घेतलेली सगळी चित्रं सरकारला द्यायची, आणि ती माळ्यावर किंवा गावोगावच्या संग्रहालयांत न टाकता आधी लक्झेंबर्ग संग्रहालयात आणि मग लूव्हरला लावायची, अशी अट. साठाहून जास्त चित्रं: मोने, रेन्वार, देगा, पिसारो, सिस्ले, सेझान, माने. सरकारनं दोन वर्षं घोळ घातला आणि शेवटी चाळीसच्या आसपास घेतली. बाकीची फुकटात मिळत असूनही नको झाली. रेन्वारचं मूलां द ला गालेतचं नृत्य आज ओर्सेत बघतो ते या देणगीमुळेच.

मजा अशी की त्या यादीत कायबॉतनं स्वतःचं एकही चित्र ठेवलं नव्हतं. हे तासणारे सरकारकडे गेले ते त्याच्या वारसांनी आणि मृत्युपत्राचं काम बघणाऱ्या रेन्वारनं वेगळे दिले म्हणून.

खडूस

हे माहीत नव्हतं. मित्रांची चित्रं विकत घेऊन त्यांची घरभाडी चालवणारा माणूस आणि स्वतःचं एकही पुढे न करणारा. ठीक आहे, मुकादम हा शब्द मागे घेतो. मालक हा शब्द तसाच ठेवतो.

पॅरिसस्थ

कामानिमित्त इथेच राहते म्हणून दोन उपयोगाच्या गोष्टी. ओर्से सोमवारी बंद, गुरुवारी रात्रीपर्यंत उघडं. महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतं, पण वेळ आधी राखून ठेवा. हे चित्र अधूनमधून परदेशी प्रदर्शनांना जातं, तेव्हा निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

आणि समोर गेलात की आधी लांबून नको, जवळून उजव्या खालच्या कोपऱ्यापासून बघायला सुरुवात करा. तिथे जमिनीवर हत्यारं पडलीत, त्यांच्या सावल्या बघा. मोबाइलच्या पडद्यावर त्या काळ्या दिसतात, पण तशा नाहीत.

सुतारपक्षी

ताई, पुढच्या वेळी गेलात तर हत्यारांचा एक जवळून फोटो टाकाल का? मधल्या माणसाच्या हातातला रंधा आहे की खरवडायचं पातं, यावर आमच्या कारखान्यात सकाळपासून दोन तट पडलेत.